वरच्या पाच पेंढ्या

आळंद,
१८ जून २००६

ती. सौ. रूपाअक्कास,
योगीराजचा सा. न. वि. वि.

तुझी धनलक्ष्मी सुखरूप पोचली हे फोनवर कळवलंच होतं. पण दाजींच्या खिशातल्या फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे दाजींशीच बोलणं. म्हणून हे पत्र.

पोरगी सोमवारी आमच्या हायस्कुलात रुजू झाली. संगणक शिक्षिका, सध्या तात्पुरती. डिसेंबरात संस्था ही जागा कायम करणार आहे आणि सगळं नीट झालं तर ती तिलाच मिळेल. पहिल्या दिवशी आठवीच्या पोरांनी अक्का म्हणू की मॅडम म्हणू असं विचारलं. तिनं सांगितलं की मॅडम म्हणा, अक्का म्हणालात तर अक्कासारखा कानही धरीन. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर हेच चाललं होतं. राहायला ती आमच्याकडेच आहे. माडीवरची खोली तिच्या मामीनं, गौरम्मानं, तिला रिकामी करून दिली आणि माझी पुस्तकं जिन्यात आणून ठेवली.

दाजींची अट मी विसरलेलो नाही. बसस्टँडवर त्यांनी माझा हात धरून सांगितलं की बी.एस्सी. झाली, डिप्लोमा झाला, आता नोकरीलाही सोडतोय ती तुमच्या शब्दावर; तिच्या नावानं एक वाकडा शब्द कानावर आला तर आलेल्या गाडीनं परत नेईन. मी शब्द दिला. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं की दुसऱ्याच्या वागण्याबद्दल माणूस शब्द कसा देऊ शकतो? गौरम्मा म्हणाली की हे शब्द द्यायच्या आधी लिहायचं असतं.

काळजी करू नकोस. मायेचा हात दूरवरून का होईना, असू दे.

तुझा,
योगीराज


औराद,
२ जुलै २००६

चि. योगीराजास रूपाअक्काचे अनेक आशीर्वाद. गौरम्मासही.

पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यापुरतं, एकदा सासूबाईला मोठ्यानं. त्या म्हणायल्या, भाऊ मास्तर असून अक्षर मुंग्यांसारखं कामून काढतोय. मी म्हणाले, कागद वाचवायलाय.

इकडं कडब्यापायी रामायण झालं. ऐक. गंजी रचताना ह्यांनी पेंढ्या मोजलेल्या, साडेदहा शेकडे. आता उदगीरचा गवळी घ्यायला आला, त्यानं मोजल्या तर दहाच शेकडे भरले. मग अर्धा शेकडा गेला कुठं? राखणीला मारोती. झालं, तुझ्या दाजीनं त्याला चारचौघांत चोर म्हणून सोडलं. वीस वर्षं आपल्या घरी राबलेला माणूस. त्यानं खांद्यावरचं घोंगडं घडी घालून वट्ट्यावर ठेवलं अन् निघून गेला.

सासूबाई बघत बसलेल्या. त्यांनी गवळ्याला विचारलं, बाबा, तुझा शेकडा केवढ्याचा? तो म्हणाला, शंभर अन् वर एक पाचुंदा. म्हणजे दर शंभराला पाच पेंढ्या वर, तुटक्या-फुटक्यापायी. त्यांच्याकडं तशीच रीत हाय. ह्यांचा शेकडा मात्र सरळ शंभराचा. सासूबाई म्हणाल्या, गंजी एकच, शेकडे दोन, मधी माझ्या मारोतीला कामून मारताव? पुन्हा मोजलं. एक हजार पन्नास पेंढ्या. एक पेंढी कमी न्हाई.

तुझे दाजी रागीट हायेत, पण हे मात्र केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी मारोतीच्या दारात गेले, त्याचे शेजारी बघत असताना पाणी मागितलं अन् उभ्यानं प्याले. आपल्यात चूक झाली की असंच असतंय, तुला ठाऊकच हाय. ज्याच्यापाशी चुकलं त्याच्या हातचं पाणी, लोकांदेखत. मारोती तिसऱ्या दिवशी कामावर आला. घोंगडं वट्ट्यावर होतं तसंच होतं.

पोरीला सांग, डोक्याला तेल लाव म्हणावं. बाकी तिला जप. बहिणीची आठवण कामापुरती ठेवू नकोस.

रूपाअक्का


आळंद,
२३ जुलै २००६

ती. सौ. रूपाअक्कास, सा. न. वि. वि.

कडब्याची गोष्ट मी जेवताना वाचून दाखवली. धनलक्ष्मीला हसू आवरेना, आणि मी तर ती रोजनिशीत उतरून घेतली. खाली लिहिलं की माणसं न विचारता मोजतात आणि न मोजता बोलतात. लिहिताना फार बरं वाटलं.

आमच्या शाळेत लॅपटॉप आला. संस्थेनं मागवलेला पहिलाच. गुलबर्ग्याच्या दुकानातून आणायला धनलक्ष्मी एकटीच गेली, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही. दुपारच्या गाडीनं मांडीवर खोकं घेऊन आली. पोरं फाटकापर्यंत धावली. सेक्रेटरी रेवणसिद्धप्पा यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी खोक्यावर उडालं म्हणून शिपायावर ओरडले.

साठा नोंदवही माझ्याकडे असते. कुठलीही वस्तू मी स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नाही. खोक्यावर साठवणीची जागा ८० जी.बी. छापली आहे. धनलक्ष्मीला ती यंत्रात दाखवायला सांगितली, तर तिथं ७४.५. मी कारण विचारलं. ती म्हणाली की तसंच असतं मामा, कंपनी हजारानं मोजते आणि यंत्र एक हजार चोवीसनं, कमी काही नसतं. तिचा तास होता, ती गेली. मला काही ते समजलं नाही.

नोंदवहीत मी जे दिसलं ते लिहिलं: खोक्यावर ८०, प्रत्यक्षात ७४.५, तफावत ५.५. शेरा या रकान्यात तिनं सांगितलेलं कारण लिहावं असं मनात आलं. पण ती माझी भाची. जे मला समजलं नाही ते तिच्या शब्दावर लिहिलं तर मामानं सांभाळून घेतलं असं उद्या कुणी म्हणेल. रकाना मोकळा ठेवला. बरोबर केलं ना मी?

दाजींना नमस्कार. पत्राची वाट पाहतो, हे सांगायला नको.

योगीराज


औराद,
१३ ऑगस्ट २००६

चि. योगीराजास आशीर्वाद.

आज इकडचं तिकडचं लिहीत न्हाई. तुमच्या शाळेच्या क्लार्कची सासुरवाडी आमच्या औरादची, हे मला ठाऊक नव्हतं. परवा बाजारात त्याच्या मेहुण्यानं ह्यांना गाठलं. म्हणाला, अप्पाराव, तुमच्या पोरीनं गुलबर्ग्याहून येताना मशीनच्या आतला भाग बदलला म्हणायलेत, मोठा काढून बारका बसवला, मामानंच वहीत लिहून ठेवलंय. हे बाजार टाकून घरी आले. पिशवीत नुसते कांदे.

माझी पोरगी असलं करायची न्हाई. ती चार आण्याची गोळी उचलणारी न्हाई, तूच तिला खेळवलंस. पण माझ्या म्हणण्याला इथं किंमत न्हाई, तुझ्या म्हणण्याला हाय. हे म्हणायलेत, योगीराज खोटं लिहिणारा माणूस न्हाई, त्यानं लिहिलं तर असंल काहीतरी. म्हणून तुला सांगते, एका ओळीत लिही की पोरीनं काही केलेलं न्हाई. ह्यांना दाखवता येईल असं. दुसरं काही लिहू नकोस त्यात.

लवकर लिही.

रूपाअक्का


आळंद,
२० ऑगस्ट २००६

ती. सौ. रूपाअक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. रात्रीपर्यंत तीन वेळा लिहून फाडलं. एक ओळ लिहिणं सोपं होतं. पण दाजी माझ्या शब्दावर विसंबतात ते मी पुरतं पाहिल्याशिवाय लिहीत नाही म्हणूनच. तेव्हा जे आहे ते सगळं लिहितो.

बारा तारखेला संस्थेची बैठक झाली. नोंदवही टेबलावर होती. रेवणसिद्धप्पांनी तफावतीचं कारण विचारलं. मी उभा राहून सांगितलं की संबंधित शिक्षिका माझी भाची आहे, म्हणून या विषयात मी भाग घेणं योग्य नाही. आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. धनलक्ष्मी आत एकटी होती. दारातून निघताना तिनं माझ्याकडे पाहिलं. ती पाऊण तासानं बाहेर आली. म्हणाली की मी फळ्यावर गणित करून दाखवते असं म्हटलं, तर ते खडू संपलाय म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिनं मला एका कागदावर सगळा हिशेब मांडून दिला. आकडे, भागाकार, शून्यं. मी इतिहासाचा माणूस. पाहिला आणि रोजनिशीत ठेवला. दुकानदाराला लेखी खुलासा मागितला आहे. पंधरा दिवसांत उत्तर येईल. ते आलं की मी स्वतः संस्थेपुढं वाचीन.

तोवर दाजींना सांग: धनलक्ष्मीनं असं काही केलं नसेल याची मला खात्री आहे, पण खात्री वेगळी आणि पडताळा वेगळा. पंधरा दिवस थांबा एवढंच माझं मागणं.

गौरम्मा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तू तरी बोल.

योगीराज


औराद,
१० ऑक्टोबर २००६

चि. योगीराजास आशीर्वाद.

दुकानदाराचं उत्तर दीड महिन्यात आलं न्हाई, आता आलं काय अन् न आलं काय.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं होतं, ते तुला सांगितलं न्हाई. खात्री आहे, पण, इथवर आले अन् हे म्हणाले, बस, पुढं वाचू नको. दुसऱ्या दिवशी ते आळंदला येऊन पोरीला घेऊन गेले, ते तू बघितलंसच. गौरम्मा सांगत होती की तू वट्ट्यावर उभा राहून शाळेचे नियम सांगत होतास.

लग्न ठरलंय. नोव्हेंबर चोवीस. मुलगा हुमनाबादचा, टायरचं दुकान हाय. मुलगा म्हणायचं, अडतीस वर्षांचा हाय. पहिली बाळंतपणात गेली, सहा वर्षांची पोरगी हाय. ह्यांना घाई झालीय. औरादमध्ये बोभाटा व्हायच्या आत पोरगी उजवायची. धनलक्ष्मी हो म्हणाली न्हाई, न्हाईही म्हणाली न्हाई. दिवसभर निवडायला बसते. काल तांदूळ निवडून झाले तर तेच पुन्हा निवडायला घेतले.

तू मामा. आंतरपाटामागं पोरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतंय, त्याला दुसरा माणूस चालत न्हाई, म्हणून ये. एक सांगते. सासरच्यांना मशीनचं काहीच ठाऊक न्हाई. तोंड उघडू नकोस. तुझा खरेपणा मांडवाबाहेर ठेवून ये.

रूपाअक्का


आळंद,
१७ डिसेंबर २००६

चि. सौ. धनलक्ष्मीस मामाचे अनेक आशीर्वाद.

लग्नात तुझ्या मागे दोन हात अंतरावर उभा होतो. तुझ्या मुंडावळ्यांची गाठ दिसत होती. बोलायची मनाई होती आणि धीरही नव्हता. म्हणून लिहितो. पाकीट नीट चिकटवलं आहे. हे फक्त तुझ्यासाठी.

दुकानदाराचं उत्तर परवा आलं. तीन ओळी. तू जे त्या दिवशी वर्गात जाता जाता सांगितलंस तेच, शब्दही जवळजवळ तेच. मग मी पेन्सिल घेऊन बसलो. यंत्र दुपटीनं मोजतं. दोन, चार, आठ, सोळा असं जाताना दहाव्या पायरीला हजार येत नाहीत, एक हजार चोवीस येतात, आणि त्यालाच ते आपला हजार धरतं. ऐंशीवर नऊ शून्यं मांडली, एक हजार चोवीसनं भागलं, पुन्हा भागलं, तिसऱ्यांदा भागलं. चौऱ्याहत्तर पूर्णांक पाच. मला अर्धा तास लागला. हा अर्धा तास माझ्याकडे जुलैतही होता, ऑगस्टमध्येही होता.

तुझा कागद रोजनिशीतून काढून ताडून पाहिला. एकही आकडा चुकलेला नव्हता. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तो उलटला. मागच्या बाजूला तुझी एकच ओळ: मामा, कडब्यासारखंच आहे, यंत्र म्हणजे उदगीरचा गवळी. चार महिने हा कागद माझ्या उशाला होता.

नोंदवहीत लाल शाईनं दुरुस्ती केली आणि सही केली. रेवणसिद्धप्पांना दाखवली. ते म्हणाले, बरं झालं, विषय मिटला. तुझ्या जागेवर त्यांची सून शोभाबाई दसऱ्यापासूनच येते आहे. तिला लॅपटॉप उघडता येत नाही. तो माझ्या कपाटात कुलपात आहे.

तू चोरी केलीस असं मला एकदाही वाटलं नाही. पण संस्थेत तुझ्यावर चोरीचा आळ होता तेव्हा मी उठून बाहेर गेलो. भाची म्हणून तुला झुकतं माप द्यायचं नाही या नादात मी तुला कुणा परक्या शिक्षिकेइतकंही दिलं नाही. परकी असती तर मी तिथं बसून तिचं गणित तरी ऐकलं असतं. हे मी रोज लिहितो आहे आणि त्यानं काही होत नाही हेही लिहितो आहे.

माफी मागतो. तुझ्या हातचं एक अक्षर मिळालं तरी पुरे.

तुझा मामा,
योगीराज


हुमनाबाद,
२८ जानेवारी २००७

ती. मामांस,
धनलक्ष्मीचा सा. न.

तुमचं पत्र मिळालं. इथं येणारं पाकीट आधी मामंजी फोडतात. घरचीच रीत आहे, माझ्यासाठी काढलेली नाही. त्यांनी ते दुकानात वाचलं, मग घरी आणून सगळ्यांसमोर वाचलं. चोरीचा आळ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. मधला भागाकार सोडून दिला. म्हणाले, हे काय ते आपल्याला कळत नाही.

ह्यांचा स्वभाव वाईट नाही. ते एवढंच म्हणाले की आधी सांगायला हवं होतं. मग कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या त्या सासूबाईंच्या कमरेला गेल्या. संक्रांतीला माहेरी निघाले तर त्यांनी पेटी उघडायला लावली आणि साड्या झटकून पाहिल्या. ह्यांची सहा वर्षांची पोरगी बघत होती. आता ती मला भांड्यातला गूळ मोजून देते आणि परत मोजून घेते. तिला खेळ वाटतो.

माहेरी आई रडली. बाबा दिवसभर मारोतीकाकांच्या शेजारी जाऊन बसले होते.

मी तुमच्यावर रागावले आहे की नाही ते मला ठरवता येत नाही, म्हणून लिहीत नाही. बैठकीच्या दिवशी तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं होतं की खडू आणायला जाताय. पाऊण तास मी दाराकडे बघत होते.

नोंदवहीत दुरुस्ती केलीत, बरं केलंत. पण काळ्या शाईतली ओळ औरादपर्यंत आली, लाल शाईतली कपाटात राहील. आता पत्र लिहू नका. लिहून झालं की तुम्हाला काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि ते इथं माझ्या अंगावर येतं. हे पत्र मी शेजारच्या नागम्मांकडे बसून लिहिलं, त्याच टाकतील.

तुम्ही या. रविवारी सगळे घरी असतात, समोरच्या ओट्यावर शेजारीही असतात. आत येऊ नका, बसू नका. बाबा मारोतीकाकांच्या दारात उभे राहिले तसे उभे राहा आणि माझं नाव घेऊन पाणी मागा. तांब्या मीच आणीन, सासूबाई उठल्या तर त्यांना बसा म्हणेन. पाणी प्यायलात की माझा तो हिशेबाचा कागद काढून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचा. मागची ओळ आधी वाचा. इथंही कडबा घेतात, त्यांना कळेल.

किती वेळ लागेल सांगता येत नाही. उभं राहावं लागेल.

धनलक्ष्मी